परक्या लेखणीतले आपण



आपल्या देशावर परक्या लेखकाने लिहिलेली कादंबरी हाती आली की आपल्यापैकी पुष्कळजण ती दोन रीतींनी वाचतात. काहीजण पानोपानी चुका हेरीत बसतात. काहीजण साहेबाने आपली दखल घेतली एवढ्यानेच धन्य होतात. दोन्ही रीतींत पुस्तक बाजूलाच राहते.

यांपैकी पहिल्या वाचकाचा राग मला समजतो, कारण मी येरवड्याचा रहिवासी आहे. आमच्या गावाचे नाव काढले की ऐकणारा हसतो. त्याला तुरुंग तरी आठवतो, नाहीतर वेड्यांचे इस्पितळ. 1932 सालचा पुणे करार येथल्या तुरुंगात झाला, हे जाणते लोक सांगतात. पण त्या भिंतीबाहेर बाजार भरतो, मुले शाळेत जातात, माणसे संसार करतात, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. बाहेरच्याने आपल्याला एकाच खुणेवरून ओळखावे, याचे शल्य आम्हांला चांगले ठाऊक आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चार शेजाऱ्यांनी इ. एम. फॉर्स्टर यांची 'अ पॅसेज टु इंडिया' ही 1924 साली प्रसिद्ध झालेली कादंबरी मिळून वाचली. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. तेव्हा कोश उशाशी होताच. कथा डॉक्टर अझीझ यांची. एका इंग्रज तरुणीच्या आरोपामुळे त्यांच्यावर खटला होतो आणि फील्डिंग या इंग्रज प्राचार्याशी जडलेल्या त्यांच्या मैत्रीची कसोटी लागते. परंतु मराठी वाचकाचे डोळे लागतात ते प्राध्यापक नारायण गोडबोले यांच्याकडे. गोरा वर्ण, निळसर करडे डोळे, पिकलेल्या मिशा, फिकट जांभळे पागोटे, धोतर आणि पायांत मोजे! "हे तर आमच्या वाड्यातलेच कोणी," असे एक गृहस्थ उद्गारले.

फॉर्स्टरना हा मराठी माणूस भेटला कोठे? मध्य हिंदुस्थानातील देवास येथे पवारांचे संस्थान होते. त्याच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खासगी चिटणीस म्हणून फॉर्स्टरनी 1921 साली काही महिने काढले आणि तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव डोळ्यांनी पाहिला. त्या वेळची त्यांची पत्रे 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात 1953 साली छापली गेली. कादंबरीच्या शेवटच्या भागातील कृष्णजन्माला आधार आहे तो त्याच उत्सवाचा.

त्या प्रसंगी गोडबोले आणि त्यांचे साथीदार टाळ-मृदंगावर गातात. समोर देव कृष्ण आहे, पण आळविले जाते तुकारामांना, मायबाप म्हणून. लेखकाला यात विसंगती दिसते आणि तो ती मोकळेपणाने नोंदवितो. आमच्यापैकी कोणालाच तीत विसंगती वाटली नाही. विठ्ठलासमोर ज्ञानोबा-तुकारामांचा गजर ज्यांनी जन्मभर ऐकला, त्यांना देव आणि संत यांत अंतर कसले? मात्र दुसरी एक गोष्ट आपण रोज पाहतो आणि तरीही आपल्याला दिसत नाही, ती या परक्याने टिपली. उत्सवातला गोंगाट, धांदल, इंग्रजी फलकावर उलटसुलट झालेली अक्षरे, हे सारे भक्तीच्या आड न येता तिच्यातच सामावते.

अगोदरच्या एका प्रसंगी गोडबोले फील्डिंगच्या घरी एक पद गातात. गोपी कृष्णाला ये म्हणते आणि तो येत नाही. इंग्रज पाहुण्यांना त्यातले काही उमगत नाही. पण तळ्यातून शिंगाडे काढणारा एक माणूस ते ऐकून आनंदाने पाण्याबाहेर येतो. आमच्या मंडळीतील एक बाई म्हणाल्या, "विरहाची गौळण कळायला शिक्षण लागत नाही, हे या लेखकाला कळले होते."

मला स्वतःला जे बोचले ते निराळेच. गोडबोले संस्थानात हायस्कूल काढतात, त्याला बादशहाचे नाव देतात आणि पुढे त्या शाळेचे धान्याचे कोठार होते. ही आपली निंदा, असे एकाचे मत पडले. मी आयुष्य शाळेत घालविले आहे. फलकाला रंग आणि वर्गाला मास्तर नाही, अशा शाळा मी पाहिल्या आहेत. मला ते चित्र खोटे म्हणवेना.

मग या पुस्तकात उणे काहीच नाही काय? आहे. अझीझच्या घरात आपण शिरतो. त्याच्या मृत पत्नीची तसबीर पाहतो. गोडबोले यांच्या घराचे दार मात्र शेवटपर्यंत उघडत नाही. अझीझवर संकट कोसळले असता ते पापपुण्याची चर्चा करतात, आणि लेखकाच्या हाती ते कोडेच राहतात. असे का व्हावे? कादंबरीची अर्पणपत्रिका सय्यद रॉस मसूद या मित्राच्या नावाची आहे. फॉर्स्टरनी त्याला विलायतेत शिकविले होते आणि त्या दोघांचा स्नेह सतरा वर्षांचा होता. जेथे स्नेह मुरला तेथे दार उघडले. जेथे केवळ पाहुणचार होता तेथे लेखक ओसरीवर थांबला.

म्हणून मला वाटते, पागोट्याचा रंग तपासण्यापेक्षा लेखक किती आत आला हे वाचकाने पाहावे. तो ओसरीवर थांबला असेल तर दोष त्याच्या भित्रेपणाचा, की दार लावून घेणाऱ्या आपला, हेही स्वतःला विचारावे. याला भाषेची किंवा देशाची अट नाही. दया पवार यांचे 'बलुतं' 1978 साली निघाले. ते आपल्याच भाषेतले, आपल्याच मुलखातले. तरी ते वाचताना अनेक पांढरपेशा घरांना आपण परदेशात आल्यासारखे वाटले. आपण त्या ओसरीपर्यंतही कधी गेलो नव्हतो.

येरवड्याच्या नावाला कोणी हसला की हल्ली मी रागावत नाही. "एकदा घरी चहाला या," एवढेच त्याला म्हणतो. आलेल्या माणसाने पुढे काय लिहावे, हा त्याचा अधिकार आहे. दार उघडणे मात्र आपल्या हाती आहे.