अर्ध्या वाटेत सोडलेला विमानप्रवास

मुरुडला रेल्वे नाही, विमानतळही नाही;
त्यामुळे दिल्लीत नोकरीला असलेला मुरुडकर मुंबईला उतरतो
आणि अलिबाग, रेवदंडा करत घर गाठतो.

कधी कधी दिल्ली ते मुंबई या तिकिटापेक्षा
मुंबईत विमान बदलून गोव्याला जाणारे तिकीट स्वस्त दिसते,
कारण विमानभाडे केवळ अंतरावर नव्हे,
तर त्या मार्गावरील मागणी आणि स्पर्धेवर ठरते.
असे तिकीट काढून मुंबईतच उतरायचे
आणि गोव्याचा टप्पा सोडून द्यायचा, ही झाली पळवाट.

तिचा पहिला फटका सामानाला बसतो.
काउंटरवर दिलेल्या बॅगेला गोव्याची चिठ्ठी लागते
आणि ती गोव्यालाच जाते;
वरच्या कप्प्यात जागा उरली नाही,
तर हातातली बॅगही विमानाच्या दारातच काढून घेतली जाऊ शकते.

मोठा फटका परतीचा.
एक टप्पा चुकवला,
की त्याच तिकिटावरचे पुढचे सर्व टप्पे सहसा रद्द होतात,
आणि ऐन गणपतीत नवे तिकीट काढणे
सामान्य घराला खरोखरच जड जाते.

शिवाय मुंबईचे उड्डाण रद्द झाले,
तर कंपनी प्रवाशाला हैदराबादमार्गे गोव्याला नेऊ शकते;
कारण करार गोव्याचा असतो, मुंबईचा नव्हे.
होय, बॅग गोव्याची आणि करारही गोव्याचाच.

जर्मनीच्या लुफ्थांसा कंपनीने
ओस्लोचा शेवटचा टप्पा सोडणाऱ्या एका प्रवाशावर
भाड्यातील फरकासाठी दावा लावला होता;
बर्लिनच्या न्यायालयाने 2018 मध्ये तो फेटाळला,
पण तोवर त्या प्रवाशाला कोर्टाची पायरी चढावी लागली होती.