फटफटीचा जीर्णोद्धार



मोटारसायकलीला आपल्याकडे अजूनही कोठें कोठें ‘फटफटी’ म्हणतात. हें नांव ज्या कोणाला प्रथम सुचलें त्याचा कान मोठा तयार असला पाहिजे. जुन्या इंग्रजी मोटारसायकलीचा सारा स्वभाव तिच्या आवाजांत होता. एकच थोरला सिलिंडर, जड गतिचक्र, आणि दोन स्फोटांमध्यें मोजतां येईल एवढें अंतर! या गाड्या जपून ठेवणारे, मोडक्या अवस्थेंत सांपडल्या तर पुन्हां चालत्या करणारे हजारों लोक इंग्लंडांत आहेत. त्यांच्या या उद्योगासंबंधानें, आणि त्यांत पदोपदीं उभ्या राहणाऱ्या एका नाजूक प्रश्नासंबंधानें आज मला बोलावयाचें आहे. जुनें यंत्र दुरुस्त करीत असतां त्याची आठवणच पुसली जाऊं नये म्हणून हात कोठें थांबवावा, हा तो प्रश्न.

प्रथम थोडी पार्श्वभूमि सांगतों. बर्मिंगहॅम, कॉव्हेन्ट्री, वुल्व्हरहॅम्प्टन आणि रेडिच हीं शहरें इंग्लंडच्या मध्यभागीं इतकीं जवळजवळ आहेत कीं, नकाशावर एका अंगठ्याखालीं झांकून जावींत. बी. एस. ए., नॉर्टन, ट्रायम्फ, एरियल, व्हेलोसेट, सनबीम, रॉयल एन्फील्ड हीं सारीं नांवें याच टापूंतलीं. दुसऱ्या महायुद्धांत या टापूनें फार सोसलें. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्रीं कॉव्हेन्ट्रीवर जो बाँबवर्षाव झाला त्यांत ट्रायम्फचा कारखाना नष्ट झाला. पांचच दिवसांनीं बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागांतील बी. एस. ए.च्या कारखान्यावर बाँब पडून ५३ कामगार ठार झाले. तरीही त्याच कंपनीनें युद्धकाळांत एम-ट्वेन्टी नांवाच्या सुमारें सव्वा लाख गाड्या सैन्याला पुरविल्या. बाँबला जें साधलें नाहीं तें पुढें जपानच्या स्पर्धेनें आणि घरच्या चालकांच्या आळसानें साधलें. ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना कामगारांनीं सहकारी तत्त्वावर कांहीं वर्षें चालवून पाहिला. १९८३ सालीं तोही कायमचा बंद पडला. त्या जागेवर आज घरें आहेत, आणि तेथील गल्ल्यांना ‘बॉनेव्हिल’, ‘डेटोना’ अशीं तेथें बनलेल्या गाड्यांचीं नांवें दिलेलीं आहेत. ट्रायम्फचें नांव घेऊन हिंक्ली येथें पुढें नवा कारखाना निघाला, पण ती कथा निराळी.

जुन्या गाड्या जपण्याचें काम मात्र कारखाने बुडण्याच्या पुष्कळ आधींच सुरू झालें होतें. १९४६ च्या एप्रिल महिन्यांत सरे परगण्यांतील हॉग्ज बॅक नांवाच्या टेकडीवर अडतीस माणसें जमलीं, आणि ‘व्हिंटेज मोटर सायकल क्लब’ स्थापन झाला. १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांनाच तेव्हां त्यांत स्थान होतें. कारखाने मोडीत निघाले तेव्हां त्यांच्या ज्या वह्या हातीं लागल्या त्या या क्लबानें जपल्या, ही त्याची मला वाटणारी सर्वांत मोठी कामगिरी. गाडीच्या सांगाड्यावर आणि इंजिनावर ठोकलेले आंकडे त्या वहींत शोधावे, म्हणजे ती कोणत्या दिवशीं कोणत्या दुकानदाराकडे रवाना झाली तें समजतें. मीं पस्तीस वर्षें शाळेचें जनरल रजिस्टर हाताळलें आहे. मुलगा कितीही मोठा होवो, त्याची जन्मतारीख तेथें एका ओळींत बसलेली असते. यंत्रांचेंही तसेंच आहे, हें वाचून मला विलक्षण आनंद झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला कीं काय होतें तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. काळ्या पाषाणाचें हेमाडपंती देऊळ असतें. गांवकरी वर्गणी जमवितात आणि खांबांवरच्या यक्षकिन्नरांना पिवळा-निळा तैलरंग फांसून टाकतात. भक्ति खरी असते. पण कोरीव काम दिसेनासें होतें. इंग्लंडांतही या जातीचे भक्त आहेत. १९२० नंतरच्या आठ-नऊ वर्षांतील गाड्यांचे चकाकणारे भाग निकेलचे असत. निकेलची झळाळी किंचित् पिवळसर, मऊ, घरांतल्या जुन्या चांदीच्या भांड्यासारखी असते. क्रोमची निळसर आणि आरशासारखी. क्रोम प्रचारांत आलें तें त्या दशकाच्या अगदीं अखेरीस. तेव्हां १९२४ च्या गाडीवर कोणी क्रोम चढविलें, तर जाणत्याला तें नऊवारींतल्या आजीला उंच टांचेचे बूट चढविल्यासारखें दिसतें.

रंगाची गोष्ट याहून अवघड आहे. सनबीम गाड्या काढणारे वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन यांचा मूळ धंदा पत्र्याच्या तबकांवर काळें रोगण चढविण्याचा. पुढें त्यांनीं सायकली केल्या, १९१२ पासून मोटारसायकली केल्या, आणि तेंच रोगण व त्यावर सोन्याच्या वर्खाच्या बारीक रेषा हें त्यांच्या मालाचें लक्षण ठरलें. थरावर थर देऊन, प्रत्येक थर भट्टींत भाजून तयार झालेल्या त्या काळेपणाला एक खोली असे. आजच्या फवाऱ्याच्या रंगानें काळा रंग मिळतो. खोली मिळत नाहीं. एडवर्ड टर्नर यांनीं १९३७ सालीं पुढें आणलेल्या ट्रायम्फच्या ‘स्पीड ट्विन’ या गाडीच्या तांबड्या रंगाचें नांव ‘अमॅरँथ’. अमॅरँथ म्हणजे आपला राजगिरा! उन्हांत डोलणारा राजगिऱ्याचा तुरा ज्यानें पाहिला आहे त्याला तो रंग सांगावा लागत नाहीं. पण डब्यांतून तो बरोबर काढतांना मोठमोठे कारागीर हात टेकतात.

यंत्राच्या पोटांत मात्र असा संकोच करून चालत नाहीं. ब्रेक लागलाच पाहिजे, चाकाची तार तुटतां कामा नये. ठिणगी उत्पन्न करणाऱ्या मॅग्नेटोंत बारीक तारेचीं वेटोळीं असतात; त्यांवरची लाख काळानें आणि उष्णतेनें मऊ होऊन ओघळते, मग वीज भलतीकडे निसटते. तीं वेटोळीं नव्यानें गुंडाळावीं लागतात. झिजलेला सिलिंडर बोअर करून त्यांत मोठा पिस्टन घालावा लागतो. या कामांत नवशिक्याला पहिला धक्का देतात ते पाने. जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें जें प्रमाण घालून दिलें त्यांत आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो, आणि पान्यावरचा आंकडा नटाच्या माथ्याची रुंदी सांगत नाहीं, बोल्टाची जाडी सांगतो. आजचा मिलिमीटरचा पाना नेटानें लावला कीं, नटाचे कोपरे झिजून गोल होतात आणि ऐंशी वर्षें शाबूत राहिलेली वस्तु पांच मिनिटांत बिघडते.

एम-ट्वेन्टीचा उल्लेख मीं वर केला. या गाड्या युद्धकाळीं हिंदुस्थानांतही आल्या, आणि पुढें लष्करी लिलावांतून खाजगी मालकांकडे गेल्या. तशी एक गाडी माझ्या एका माजी विद्यार्थ्याला गोदामांत मिळाली. त्याचा मोटारदुरुस्तीचा धंदा आहे. मी संध्याकाळीं त्याच्याकडे जाऊन बसत असें. टाकी घासतांना वरचा काळा रंग निघाला, त्याखालीं तांबडा निघाला, त्याखालीं एक हिरवा, आणि अगदीं तळाशीं खाकी. खाकीवर पांढऱ्या रंगानें हातानें काढलेले चार आंकडे होते. पुढचे पुसले गेले होते. त्यानें पॉलिशचा कागद खालीं ठेवला आणि विचारलें, “सर, आतां काय करूं? गिऱ्हाईकाला सगळी टाकी चकचकीत हवी आहे.” मीं म्हटलें, “गिऱ्हाईकाला बोलावून घे, आणि हे आंकडे दाखव. मग त्याला विचार.” गिऱ्हाईक आला. बराच वेळ टाकीवर बोट फिरवीत बसला. शेवटीं म्हणाला, एवढा तुकडा असाच राहूं द्या. ती गाडी आज चालते. तिच्या टाकीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी खाकी जागा आहे, आणि भेटणारा प्रत्येक माणूस प्रथम तिच्याबद्दलच विचारतो.

अशा खुणा कोणत्या क्षणीं मोलाच्या ठरतात, हें आधीं कळत नाहीं हीच अडचण. अरबस्तानच्या मोहिमेमुळें प्रसिद्धीस आलेला लॉरेन्स मे १९३५ मध्यें डॉर्सेट परगण्यांत आपल्या ‘ब्रफ सुपीरियर’ गाडीवरून जात असतां, दोन सायकलस्वार मुलांना चुकवितांना पडला आणि सहा दिवसांनीं वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं डॉक्टर ह्यू केर्न्स यांनीं पुढें डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला, आणि मोटारसायकलस्वारांनीं शिरस्त्राण घालावें या आग्रहाला त्यांतूनच बळ मिळालें. गाडी मात्र दुरुस्त करून विकण्यांत आली. १९३५ सालीं ती इतिहासाची वस्तु नव्हती. थोडी पोंचलेली, विकाऊ गाडी होती.

त्याच ब्रफ सुपीरियरच्या आठ गाड्या कॉर्नवॉलमधील बॉडमिन मूर येथें गोठ्यांत पन्नासांहून अधिक वर्षें पडून होत्या. एप्रिल २०१६ मध्यें त्यांचा लिलाव झाला. त्यांत १९३८ सालची एक चार सिलिंडरांची होती. तिचें इंजिन ऑस्टिन मोटारीचें, आणि मागचीं चाकें दोन, अगदीं शेजारींशेजारीं. गंजलेल्या, सुट्या भागांच्या स्थितींतील त्या गाडीला ३,३१,९०० पौंड आले. गंजाला एवढी किंमत कां, असें आपल्याला वाटेल. ती गंजाची नव्हे. मधल्या काळांत कोणीही तिला हात लावला नव्हता, त्याची किंमत. पैशाच्या या मोजमापाचें मला फारसें कौतुक नाहीं. एवढी रक्कम मोजणारा ती गाडी पावसांत चालवील काय?

उलट दुसऱ्या प्रसंगीं हात न लावण्याची सोयच उरली नव्हती. सॉलिहलजवळील राष्ट्रीय मोटारसायकल संग्रहालयाला १६ सप्टेंबर २००३ रोजीं आग लागली. कारण, टाकून दिलेलें सिगारेटचें थोटूक. तीनशेंहून अधिक गाड्या जळाल्या. ॲल्युमिनियम सुमारें ६६० अंशांस वितळतें. त्यामुळें इंजिनाच्या पेट्या ओघळून जमिनीवर थिजल्या, टायर गेले, रंग गेले, लोखंडी सिलिंडर आणि वांकडेतिकडे सांगाडे तेवढे उरले. संग्रहालय २००४ च्या अखेरीस पुन्हां उघडलें, आणि जळालेल्यांपैकीं कितीतरी गाड्या पुन्हां उभ्या करण्यांत आल्या. एरव्हीं मी जुन्या खुणांचा पक्षपाती आहें. पण ज्या गाडीचा दुसरा नमुनाच कोठें नाहीं तिच्या बाबतींत तो हट्ट चालणार नाहीं. जळका सांगाडा आगीचें स्मारक होईल. ती गाडी ज्यांनीं घडविली त्यांचें होणार नाहीं. मात्र अशा गाडीपुढें तिच्यांतील जुनें किती आणि नवें किती, हें स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें असावें.

आपल्या देशानें या बाबतींत तिसरीच रीत दाखविली, आणि तीही नकळत. रेडिचच्या रॉयल एन्फील्डची ‘बुलेट’ १९५५ पासून मद्रासेंत तयार होऊं लागली. मूळ इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास संपली, मद्रासची चालूच राहिली. १९७७ मध्यें तर तिनें इंग्लंडलाच बुलेट धाडण्यास आरंभ केला. जें यंत्र तिकडे संग्रहांत ठेवण्यायोग्य झालें होतें तें इकडे दूधवाल्याच्या किटल्या वाहत होतें. रेडिचच्या जुन्या बुलेटला एखादा भाग हवा असला कीं इंग्रज मालक मद्रासचा माल मागवीत. जीर्णोद्धाराची पाळीच येऊं न देणें, हाही एक मार्ग आहे. पण त्याला रोजचें गिऱ्हाईक लागतें, आणि सनबीमला किंवा ब्रफला तें आतां कोठून येणार?

त्या गाड्यांना मग वर्षांतून एखादा दिवस रस्त्यावर काढतात. सनबीम क्लबानें १९३० सालीं सुरू केलेली ‘पायोनियर रन’ ही त्यांतली मला सर्वांत प्रिय. १९१५ पूर्वीं बनलेल्या गाड्यांनाच तींत प्रवेश असतो आणि वाट ब्रायटनच्या समुद्राकडे जाणारी. यांतील कित्येकींना क्लच नाहीं, गिअर नाहीं. चामड्याच्या पट्ट्यानें मागचें चाक फिरतें. स्वार गाडीबरोबर धांवतो, इंजिन पेटलें कीं उडी मारून बसतो. दर थोड्या मैलांनीं टाकीच्या कडेचा हातपंप दाबून इंजिनाला तेल पाजतो; विसरला तर इंजिन जाम होतें, जास्त पाजलें तर मागच्याच्या तोंडावर निळा धूर. चढ आला आणि पट्टा घसरूं लागला कीं सायकलीसारखे पायटे मारतो, तेंही पुरेना झालें कीं उतरून ढकलतो. रस्त्याच्या कडेला माणसें उभीं असतात. तीं हंसत नाहींत. दोघेतिघे पुढें होतात आणि मागून हात लावतात.