अणूंचा तिठा



कामगारांच्या सभांतून बोलणारा माणूस आज अणूंवर काय बोलणार, अशी शंका पुष्कळांना आली असेल. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे रात्री पुस्तकांपाशी बसून मिळविलेले. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्या खिशातल्या मोबाईलची चिप सिलिकॉनची असते. तिच्यातले अणू कसे हलतात हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून शास्त्रज्ञ ते संगणकात मांडून हलवितात. त्याला एक नियम लागतो : अणू एकमेकांपासून अमुक अंतरावर असले, तर त्यांची ऊर्जा अमुक. या नियमाला आंतरअण्वीय विभव म्हणतात. त्यावरून प्रत्येक अणूवरचे बल काढायचे, अणू किंचित सरकवायचे, की पुन्हा बल काढायचे. असे एकेक पाऊल साधारण सेकंदाच्या दहा कोटी कोटीव्या भागाचे! हैदराबादचे अनीसुर रहमान यांनी 1964 साली अमेरिकेत द्रवरूप आर्गॉनचे 864 अणू असे चालविले.

आर्गॉनला दोघा-दोघांचा हिशेब पुरला. सिलिकॉनला पुरत नाही. त्याचा प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि कोणत्याही दोन हातांत सुमारे 109.5 अंशांचा कोन राखतो. आपला हातखंब्याचा तिठाच घ्या. इथून मुंबई किती आणि रत्नागिरी किती, हे आकडे पाठ केले म्हणून वळण कसे आहे ते कळत नाही, ट्रकवाल्यांना विचारा! तिथे दोन्ही रस्ते एकदम पाहावे लागतात. 1985 साली स्टिलिंजर आणि वेबर यांनी सूत्रात तिघांचे पद घातले, तेव्हा कोन सांभाळला गेला. पुढे टेरसॉफ यांनी शेजारी वाढले की एकेक बंध सैल पडतो, हेही सूत्रात आणले.

सूत्रातले आकडे मात्र घन आणि वितळलेल्या सिलिकॉनशी जुळवून घेतलेले. पृष्ठभागावर, जिथे अणूला एका बाजूने शेजारीच नाही, तिथे ते घसरते. 2007 साली बेलर आणि पारिनेलो यांनी पुंजयामिकीच्या कष्टाच्या गणितांवरून यंत्रालाच विभव शिकविले, तेही सिलिकॉनवर. आम्हांला ही मोठी मजल वाटते. पण जे त्याला दाखविलेच नाही, तिथे त्याचेही उत्तर भरवशाचे नाही.

हे वाचताना आम्हांला एक चिरेखाण आठवली. मालकाने मऊ जांभ्यावर दोन दिवस मोजणी करून चिऱ्यामागे दर ठरविला, आणि तोच दर कठीण कातळाच्या दुसऱ्या खाणीला लावला. हिशेबात चूक नव्हती. दगड वेगळा होता. माणसे तितकीच राबत आणि शनिवारी निम्मे पैसे घेऊन जात. दुसऱ्या खाणीत मोजणी करा, एवढीच आमची मागणी होती. ती व्हायला चार महिने लागले. दर बदलला, त्या चार महिन्यांची मजुरी कोणाला परत मिळाली नाही.