मैदानावरचे मास्तर



खेळाडूची कीर्ती आपण ऐकतो. त्याला घडविणाऱ्याचे नाव त्यामानाने कमीच कानी पडते. आज अशाच एका मास्तरांविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत. त्यांचे नाव रमाकांत आचरेकर.

जन्म १९३२ सालचा, मालवणचा. नोकरी स्टेट बँकेत. खेळाडू म्हणाल, तर प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या वाट्याला आला. दुसरा कोणी नशिबाला बोल लावीत बसला असता. आचरेकरांनी मुंबईच्या शिवाजी पार्कवर मुले गोळा केली आणि त्यांना वर्षानुवर्षे क्रिकेट शिकविले.

त्यांची युक्ती पाहा. सराव संपत आला, मुलगा दमला, की यष्टींवर रुपयाचे नाणे ठेवावयाचे. बाद करील त्या गोलंदाजाचे नाणे. फलंदाज टिकला, तर त्याचे. सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी मिळविली आणि जपून ठेवली. अंग थकले तरी लक्ष ढळू द्यावयाचे नाही, हा धडा एका रुपयात झाला!

मात्र तोंडावर शाबासकी नाही. मुलगा सैल पडेल म्हणून सर कधी ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, असे सचिनने २०१३ साली निरोपाच्या भाषणात सांगितले. आपण वर्गात इतके कडक राहावे असे मी म्हणणार नाही. काही मुले कौतुकाच्या एका शब्दावर उभी राहतात.

फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रम शाळेकडून सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागी केली. ती सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वेळी पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार किती जणांना आठवतो? पुढे त्याने प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या. तरी भारताकडून खेळण्याची पाळी आलीच नाही. मग तोही मास्तर झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक हाच अमोल होता.

आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते गेले. पण त्यांची विद्या अशी पुढच्या हाती पोचली.

आमच्या पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात कारखान्याची पाळी संपवून घरी जाणारा एखादा जुना खेळाडू असेल. तुमच्या गावीही असेल. त्याला शाळेच्या मैदानावर बोलवा. आणि गुरुजी, खेळणाऱ्या मुलाकडे सारा गाव पाहतोच. पॅड बांधून बसलेल्याकडे तुम्ही पाहा.