मागे राहिलेली पदवी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी विषयाकडे वळतो. अशा कार्यक्रमात बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी हमखास वाचली जाते. आपल्या लहान लेकरांनाही ती तोंडपाठ आहे. पण त्या पदव्यांपुढचे सन कोणी नीट पाहत नाही. मला आज त्या सनांबद्दल बोलायचं आहे.

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ साली ते कोलंबिया सोडून लंडनला गेले. तिथे जाताना पीएच. डी. त्यांच्या हातात नव्हती. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय ती पदवी मिळत नसे, आणि छपाईला पैसा लागतो. त्यांचा ग्रंथ छापून आला १९२५ साली आणि कोलंबियाने पीएच. डी. दिली १९२७ साली. मधल्या काळात ते लंडन विद्यापीठाचे एम. एस्सी. झाले १९२१ साली, डी. एस्सी. झाले १९२३ साली, बॅरिस्टरही झाले. म्हणजे पुढच्या विद्यापीठाची सगळ्यात मोठी पदवी हाती आली, तरी मागच्या विद्यापीठातला आपला हक्क त्यांनी सोडला नाही. अकरा वर्षांनी का होईना, तो वसूल केला.

लंडनचंही तसंच. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्ध्यावर टाकून परतावं लागलं. पण परतताना त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. मग मुंबईला सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पै पै साठवली, शाहू महाराजांनी मदत केली आणि १९२० साली ते मुदतीच्या आत लंडनला पोहोचले. ती परवानगी घेतली नसती तर काय झालं असतं, याचा विचार करा.

आता आपल्या जुन्नर-आंबेगावकडे या. जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगाव इथे महाविद्यालयं आहेत, अवसरीला सरकारी तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकी आहे. पोरं प्रवेश घेतात, त्यात काही वाईट नाही. पण दुसऱ्या वर्षाला घरात आजारपण येतं, पोरगा चाकणला कंपनीत कंत्राटावर लागतो. पोरीचं लग्न ठरतं आणि ‘आता पुढचं सासरी बघू’ असं म्हणतात. दोन वर्षं एस. टी.ने जाऊन-येऊन, परीक्षा देऊन पास झालेली ती पोरगी लोकांच्या बोलण्यात ‘बारावी शिकलेली’च राहते. दोन वर्षांची मेहनत कुठं गेली? गुणपत्रिका पेटीत, नाहीतर कॉलेजच्या कपाटात.

जुनी पद्धतच तशी होती. तीन वर्षं पुरी केली तर पदवी, नाहीतर काहीच नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे बदललं. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली. पहिल्या वर्षाचे किमान ४० श्रेयांक, म्हणजे पोरं ज्याला क्रेडिट म्हणतात ते, पुरे केले आणि वर चार श्रेयांकांचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम केला, तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांचे किमान ८० आणि तसेच वरचे चार, तर पदविका. तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. थांबलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि सगळं शिक्षण सात वर्षांत पुरं करायचं असतं. बाबासाहेबांना लंडनने जी सवलत दिली, तशीच ही आहे असं समजा. फरक एवढाच की आता ती मागून घ्यावी लागत नाही, पण मुदत लक्षात ठेवावी लागते.

हे श्रेयांक ज्या खात्यात जमा होतात त्याला श्रेयांक बँक म्हणतात, आणि ते डिजीलॉकरवर दिसतं. बँकेच्या पासबुकात एंट्री झाली का, हे आपण काउंटरवर उभं राहून बघतो ना? तसंच हेही बघा. जमा करायचं काम कॉलेजचं आहे, विद्यार्थ्याला ते स्वतः करता येत नाही. म्हणून मुलगा जुन्नरचं कॉलेज सोडून पुण्याला गेला, तर जाण्याआधी इथले सगळे श्रेयांक खात्यात चढलेत याची खात्री करावी. एकदा पुण्याला गेल्यावर मागच्या कॉलेजला खेटे घालायला कोणाला वेळ असतो? एक विषय राहिला असेल, एटीकेटी असेल, तर श्रेयांक अपुरे पडतात आणि प्रमाणपत्र अडतं. तो विषय आधी काढा. आणखी एक लक्षात असू द्या. कॉलेज बदललं तरी ज्या संस्थेची पदवी घ्यायची, निम्मे श्रेयांक तरी तिथलेच लागतात.

अमेरिकेत दोन वर्षांची कॉलेजं आहेत, त्यांची स्वतःची एक पदवी असते. पुष्कळ मुलं ती पुरी होण्याआधीच मोठ्या विद्यापीठात जातात. तिथल्या काही राज्यांत आता मोठ्या विद्यापीठात मिळवलेले गुण उलटे पहिल्या कॉलेजकडे पाठवतात आणि विद्यार्थ्याला ती मागे राहिलेली पदवी मिळते. पुढे चौथ्या वर्षाआधी शिक्षण सुटलंच, तरी हात रिकामा राहत नाही. आपल्याकडे डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलांचं तसंच असतं. डिग्रीत अडकले तरी डिप्लोमा आहे. म्हणून त्यांचे आई-बाप थोडे निवांत झोपतात.

आता एक भीती स्पष्ट बोलतो. ‘एक वर्षात प्रमाणपत्र मिळतंय, बास झालं’ असं आपल्याच घरात म्हटलं जाईल, आणि मुलींच्या बाबतीत जास्त. श्रीमंताची मुलं चार वर्षं शिकतील आणि आपली एका वर्षात बाहेर पडतील, तर ही सोय आपल्या मुळावर येईल. राज्यसेवा परीक्षेला पदवी लागते, तलाठ्याच्या भरतीला पदवी लागते. तिथे पदविकेचा कागद चालत नाही. तेव्हा हा कागद पडलेल्या माणसाच्या हाताला धरण्यासाठी आहे, खाली बसण्यासाठी नाही.

आपल्या जुन्नरच्या लेण्यांत जा. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, सगळीकडे ब्राह्मी शिलालेख आहेत. कोणी लेणं दिलं, कोणी फक्त पाण्याची टाकी दिली, जिला ते ‘पोढी’ म्हणत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचं लेणं आणि टाकी दिल्याची नोंद आहे. टाकी देणाऱ्याला कोणी ‘तू चैत्य दिला नाहीस, तुझं नाव कशाला’ असं म्हटलं नाही. जेवढं दिलं तेवढं दगडात कोरलं, म्हणून दोन हजार वर्षांनी आपण ते वाचतो.

ज्यांचं शिक्षण २०२४ च्या आधी सुटलं, त्यांना हे प्रमाणपत्र आपोआप मिळणार नाही. त्यांनी जुन्या गुणपत्रिका घेऊन आपल्या कॉलेजात चौकशी करावी. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार करणाऱ्यांसाठीच आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते, हे इथल्या सासू-सासऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर मी विहारातच बसणार आहे. ज्यांच्या घरात असं अर्धवट शिक्षण आहे त्यांनी गुणपत्रिका, आधार कार्ड आणि डिजीलॉकर असलेला मोबाईल घेऊन यावं. सुनेची गुणपत्रिका माहेरी असेल तर या आठवड्यात मागवून घ्या.

नमो बुद्धाय, जय भीम!