जुनी गाडी, नवा साज

सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत देवराष्ट्रे नांवाचें गांव आहे. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांचें जन्मगांव म्हणून तें सर्वांस ठाऊक होतें. सन २०२१ च्या डिसेंबरांत मात्र त्याचें नांव निराळ्याच कारणानें देशभर झालें. तेथील एका लोहार कारागिरानें, मुलाची हौस पुरविण्यासाठीं, भंगारांतले सुटे भाग जमवून सुमारें ६०,००० रुपयांत एक चिमुकली चारचाकी गाडी उभी केली. मोटारसायकलीप्रमाणें पायानें झटका देतांच ती सुरू होई. तिचें चलच्चित्र प्रसिद्ध उद्योगपति आनंद महिंद्र यांच्या पाहण्यांत आलें. ही गाडी नियमांत बसणारी नाहीं, अधिकारी आज ना उद्यां ती अडवितील, तेव्हां तिच्या बदल्यांत आपण नवी बोलेरो देऊं आणि ही गाडी आपल्या संशोधन-केंद्रांत मांडूं, असें त्यांनीं जाहीर केलें. त्याप्रमाणें जानेवारी २०२२ मध्यें बोलेरो त्या कुटुंबाच्या हातीं आली.

ही हकीगत ऐकून कोणालाही आनंद वाटेल. परंतु तिच्यांत एक अवघड प्रश्नही दडलेला आहे. ज्या गाडीचें एवढें कौतुक झालें, ती रस्त्यावर चालविण्यास योग्य मात्र ठरली नाहीं. तर मग कारागिराच्या कल्पकतेला मुभा किती आणि मर्यादा कोठें? हा प्रश्न देवराष्ट्र्याच्या त्या एका गाडीपुरता नाहीं. सातारा-सांगलीच्या रस्त्यांलगतच्या गॅरेजांतून तो रोज उभा राहतो. आणि तेथें समोर असते ती हौसेची गाडी नव्हे, तर एखाद्या घराचें पोट जिच्यावर चालावयाचें आहे अशी जुनी पिकअप.

या भागांतील हातांना लोखंडाची ओळख कांहीं आजची नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं १९१० मध्यें औंध संस्थानांतील एका माळावर कारखाना वसविला आणि तेथून लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हातीं गेला. तीच आजच्या पलूस तालुक्यांतील किर्लोस्करवाडी. साताऱ्याकडे १९२२ मध्यें धनजीशा कूपर यांनीं कारखाना काढला. हे गृहस्थ पुढें १९३७ मध्यें कांहीं महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. त्यांच्या कारखान्यांतून नांगरांच्या मागोमाग डिझेल इंजिनेंही बाहेर पडूं लागलीं. मिरजेच्या शिकलगारांची गोष्ट तर याहून जुनी. हत्यारांचा धंदा मंदावल्यावर, एकोणिसाव्या शतकांत, त्यांतील कांहीं घराणीं सतारी व तंबोरे घडवूं लागलीं. त्याच मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. जुन्या वस्तूला आणि जुन्या विद्येला नवें काम द्यावयाचें, ही येथली रीतच म्हणावयाची.

मोटारीच्या बाबतींतही हें खरें आहे. स्वातंत्र्यानंतर कित्येक दशकें मालमोटार कारखान्यांतून बहुधा नुसत्या सांगाड्याच्या रूपानें बाहेर पडे. पुढें इंजिन, खालीं चेसिस आणि चालकाला बसण्यापुरती सोय, एवढेंच काय तें कारखान्याचें. केबिन, हौदा आणि फाळका हें सारें गांवोगांवचे सुतार व पत्रेकाम करणारे मिस्त्री लांकडाचें नि पत्र्याचें घडवीत. १९८८ मध्यें टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्यांतून टाटामोबाइल ही पिकअप निघाली. महिंद्रांच्या जीपच्या घराण्यांतूनही पिकअप गाड्या आल्या. तासगांवचीं द्राक्षें आणि बेदाणा, सांगलीची हळद, महाबळेश्वर-पांचगणीची स्ट्रॉबेरी हा माल अशा गाड्यांवर लादला जाऊं लागला. नवी गाडी परवडत नाहीं तो तरुण जुनी घेतो आणि मिस्त्र्याच्या दारांत आणून उभी करतो.

येथेंच पहिली चूक होण्याचा संभव असतो. गिऱ्हाइकाची नजर प्रथम रंगाकडे जाते. चांगल्या मिस्त्र्याची नजर मात्र प्रथम गाडीच्या खालीं जाते. गाडीचा कणा म्हणजे चेसिस. तो हातोडीनें ठोकून पाहिला असतां धड लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, आणि आंतून गंजानें खाल्लेल्या जागेचा आवाज बसका येतो. पाटे जेथें अडकविलेले असतात त्या जागांभोंवतीं तडे शोधावे लागतात, कारण खड्ड्याचा सारा मार तेथेंच बसतो. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांमधील तिरपीं अंतरें फितीनें मोजावयाचीं. दोन्ही अंतरें सारखीं भरलीं तर कणा सरळ. फरक निघाला तर ही गाडी पूर्वीं कोठें तरी जोरानें आदळलेली आहे असें समजावें. अशी गाडी रंगानें कितीही सजविली तरी ती रस्त्यावर तिरकी चालते आणि टायर खाते.

कणा धड निघाला कीं दुसरा मान ब्रेकांचा, इंजिनाचा नव्हे. इंजिन बंद पडलें तर गाडी वाटेंत उभी राहते, एवढेंच. ब्रेक निकामी झाले तर ती उभी राहत नाहीं. रबरी नळ्या, चाकांतील सिलिंडर, झिजलेले लायनर हे भाग वरून दिसत नाहींत, आणि म्हणूनच पैसे वांचविण्याचा मोह तेथें फार होतो. पुण्याहून साताऱ्याकडे येतांना खंबाटकीचा घाट लागतो. अशा घाटाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला तर ड्रम तापतात आणि लायनरची पकड सुटूं लागते. म्हणून जाणता चालक उतारावर खालचा गिअर धरतो. परंतु लायनरच झिजलेले असतील तर चालकाच्या शहाणपणाचा फारसा उपयोग होत नाहीं.

त्यानंतर इंजिन. सिलिंडर झिजले असतील तर लेथच्या कारखान्यांत ते किंचित् मोठे करून घेऊन त्यांत त्या मापाचे पिस्टन आणि रिंगा बसवितात. क्रँक घासून तिला जाड बेअरिंगें देतात. विजेच्या तारा मात्र जोडून जोडून वापरण्यापेक्षां सबंध बदलणें बरें. उघड्या पडलेल्या तारेची एक ठिणगी सारें काम जाळून टाकण्यास पुरेशी होते. आणि पत्रा? गंजावर लांबी भरून वर रंग दिला तर गाडी दोन पावसाळे नवी दिसते. तिसऱ्या पावसाळ्यांत फुगे येतात. गंज खरवडून कोऱ्या लोखंडापर्यंत जावें, सडलेला तुकडा कापून नवा जोडावा, वर रेड ऑक्साइडचा हात द्यावा, लांबी शक्य तितकी पातळ लावावी आणि मग रंग. म्हणजे गिऱ्हाईक जेथून आरंभ करूं पाहतो, तेथें मिस्त्री सर्वांत शेवटीं पोंचतो.

आतां साज चढविण्याविषयीं. जुनी गाडी दुरुस्त झाली कीं मालकाच्या मनांत सुधारणा येऊं लागतात. हौद्याच्या बाजू उंच कराव्या, पाट्यांत आणखी एक पान घालावें, हौदा मागें हातभर वाढवावा, मोठे टायर चढवावे. हीं सर्व कामें होण्यासारखीं आहेत. म्हणूनच तीं धोक्याचीं आहेत. पाटा जाड केल्यानें तो ओझें पेलतो, परंतु आंस, बेअरिंग आणि ब्रेक पूर्वींचेच राहतात. वजन दुप्पट झालें तर गाडी थांबविण्यास दुप्पट ऊर्जा जिरवावी लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. हौदा मागच्या आंसापलीकडे वाढविला कीं मागचें ओझें पुढचीं चाकें हलकीं करतें, आणि वळण घेणें तर पुढच्याच चाकांच्या हातीं असतें. बाजू उंच करून माल रचला तर गाडीचा तोल वर सरकतो आणि वळणावर ती कलते. टायर मोठा घातला तर एका फेऱ्यांत अधिक अंतर तुटतें, आणि वेगाचा कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो. एकेक फेरफार लहान दिसतो. सारे मिळून मूळ अभियंत्यानें केलेला हिशेब मोडून टाकतात.

कायद्याचा आग्रह नेमका या हिशेबासाठीं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें, कारखानदारानें ठरविलेला आणि नोंदणी-पुस्तकांत लिहिलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ स्पष्ट केला. परवानगी घेऊन इंजिन बदलणें किंवा मान्यताप्राप्त गॅस-संच बसविणें यांस मार्ग आहे. रंग बदलला तर त्याची नोंद करून घ्यावी लागते. मालवाहू गाडी ८ वर्षांची झाली कीं तिची योग्यता दरवर्षीं तपासली जाते. यालाच गॅरेजांत ‘पासिंग’ म्हणतात. साताऱ्याच्या ‘एमएच ११’ गाडीचा मालक असो कीं सांगलीच्या ‘एमएच १०’ चा, पासिंगचा दिवस जवळ आला कीं त्याला मिस्त्र्याची आठवण होते.

२०२१ मध्यें केंद्र सरकारनें ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केले. अट अशी कीं गाडी मूळ रूपांत राखलेली असावी आणि ती धंद्यासाठीं रस्त्यावर आणूं नये. श्रीमंताच्या गॅरेजांतील जुन्या मोटारीला हा मान शोभतो. भाजीचीं क्रेटें वाहून घर चालविणाऱ्या पिकअपसाठीं मात्र तो नाहीं. तिचें म्हातारपण तिला काम करीतच काढावें लागतें, आणि त्या म्हातारपणाची काळजी वाहणारा माणूस एकच, तो म्हणजे मिस्त्री.

त्या मिस्त्र्याजवळ बहुधा पदवी नसते. पोरवयांत गॅरेजांत पाने-पकडी देतां देतां तो शिकलेला असतो. कामांतून शिकलेल्या अशा माणसांची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेंत करण्यांत आली. ती योग्यच होती. परंतु प्रमाणपत्राहूनही मोठी कसोटी गिऱ्हाइकाच्या हातीं आहे. शहरांतील सुशिक्षित घर सुद्धां मोटार गॅरेजांतून परत आणतांना प्रथम तिची चकाकी पाहतें, आणि बिलांत ब्रेकांचा आंकडा दिसला कीं घासाघीस करूं लागतें. ज्या कामाला दाम मिळत नाहीं तें काम हळूहळू होईनासें होतें. मग दोष एकट्या मिस्त्र्यावर कसा ठेवावा?

देवराष्ट्र्याच्या कारागिरानें भंगारांतून गाडी उभी केली, तेव्हां हातांत किती सामर्थ्य असतें तें दिसून आलें. त्याच सामर्थ्याची दुसरी बाजू रस्त्यालगतच्या गॅरेजांत दिसते. मालक म्हणतो, “मिस्त्री, आणखी एक पान घाला पाट्यांत, माल जास्त बसेल.” आणि हातीं आलेल्या कामाचे पैसे सोडून मिस्त्री उत्तर देतो, “नको मालक, ब्रेक तेवढे नाहींत.” त्या नकाराचें चलच्चित्र कोणी काढीत नाहीं. घाट उतरून गाडी सुखरूप घरीं आली, एवढीच त्याची खूण.