सूत्राआधी दिवा

तुमच्यापैकी अनेक जण मोहल्ल्यातल्या मुलांना शिकवतात. क्वांटम आलं की आपण थेट सूत्र लिहितो आणि मुलं घाबरून सायन्स सोडायचा विचार करतात.

आधी लाल आणि निळा असे दोन एलईडी घ्या. रेझिस्टर जोडून व्होल्टेज हळूहळू वाढवा. लाल साधारण १.८ व्होल्टला उजळतो, निळा २.५च्या पुढेच. असं का? प्रकाशाची ऊर्जा ठरावीक पुड्यांत येते आणि निळ्या प्रकाशाची पुडी मोठी असते. १९०५ मध्ये आइनस्टाइननं हेच मांडलं.

आता सूत्र लिहा. याच आकड्यांतून मुलं प्लांकचा स्थिरांक अंदाजे काढतील. मग मोबाइलचा कॅमेरा, छतावरचं सोलर पॅनेल त्यांना परकं वाटणार नाही. आणि सायन्सही!